आजोबांचा मायक्रोस्कोप आणि पावसाळा

प्रश्न: आजोबांचा पितळी मायक्रोस्कोप लाकडी पेटीत होता, पावसाळ्यानंतर काढला तर लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आलंय. स्पिरिटने पुसू का? – एक वाचक, फोंडा

उत्तर: थांबा, स्पिरिटने पुसू नका! ती बुरशी आहे, आपल्या गोव्याच्या दमट हवेत येतेच, आणि जास्त दिवस राहिली तर काच कायमची खरवडली जाते. बुरशी आयपीसवर (डोळा लावतो त्या वरच्या लेन्सवर) असेल तर ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) धूळ उडवा, मग लेन्स पेपर डिस्टिल्ड वॉटरमध्ये जरासा भिजवून हलक्या हाताने फिरवा. स्पिरिटने लेन्स जोडणारा जुना गोंद आणि पितळेवरचं लॅकर (चमकदार संरक्षक थर) दोन्ही जाऊ शकतं. ऑब्जेक्टिव्ह (वस्तूजवळची खालची लेन्स) मात्र उघडू नका हां, आतलं सेंटरिंग (लेन्सची एका रेषेतली मांडणी) बिघडलं की संपलंच. लाकडी पेटी ओल धरते, म्हणून मायक्रोस्कोप सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घालून हवाबंद डब्यात ठेवा, पेटी शोकेसला.