आधी वळणावर ऐका, टायरचे पैसे नंतर द्या

60 च्या पुढे चाकांतून घुंऽऽ आवाज येतो, गॅरेजवाला चारही टायर बदला म्हणतो, गणपतीला कोकणात जायचंय, तर बदलू का, असं विचारलंयत. एवढ्यात नका बदलू. न तपासता 'टायर वाजतायत' म्हणून मोकळं होणारे लोक मला चांगले माहीत आहेत, त्यातले एक आमच्याच घरात आहेत.

आम्ही ऐरोलीला राहतो. गाडी रोज मी चालवते, ऑफिस बेलापूरला. एका पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली आणि पुढे काही आठवड्यांनी आवाज सुरू झाला, लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा. मोठ्या भावोजींनी मागच्या सीटवरूनच निकाल दिला, "टायर गेलेत. तू नको त्यात डोकं घालूस."

टायरचा आवाज रस्त्यागणिक बदलतो. सिमेंटवर एक, डांबरावर दुसरा. माझा दोन्हीकडे तोच. पाम बीच रोड मोकळा मिळाला तेव्हा क्षणभर न्यूट्रल केलं. इंजिन शांत झालं, घुं तसाच. डावीकडच्या लांब वळणावर तो फुगायचा, उजवीकडे वळताना जवळजवळ जायचा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, म्हणजे संशय उजव्या बेअरिंगवर, चाक ज्या गोळ्यांच्या कड्यावर फिरतं त्यावर.

तुर्भ्याला मिस्त्रींना पुढची दोन्ही चाकं जॅकवर घ्यायला लावली. चाक हाताने फिरवायचं आणि दुसरा हात कॉईल स्प्रिंगवर, म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूच्या जाड स्प्रिंगवर, ठेवायचा. उजवीकडे बोटांना बारीक खरखर लागत होती, डावीकडे काहीच नाही. चाक वर-खाली धरून हलवलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, अजिबात नव्हता, आणि भावोजींनी तेच धरून ठेवलं: प्ले नाही तर बेअरिंग कसं गेलं? जातं! आधी वाजतं, प्ले बऱ्याचदा नंतर येतो. काढलेलं बेअरिंग मी ठेवलंय. आतलं ग्रीस पाण्याने तांबूस झालेलं, गोळ्या फिरतात त्या वाटेवरचे टवके उडालेले. नवीन बसवलं, आवाज गेला, टायर तेच आहेत. भावोजी आजही म्हणतात, योगायोग. गाडी रोज चालवणाऱ्या बाईला त्यातलं कळतं, हे मान्य करायला एवढं जड का जावं?

तुमच्याकडे रोज जो चालवतो त्यालाच गॅरेजमध्ये पाठवा.

टायरवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेने कडा टोचल्या तर टायर वाकडा झिजलाय. मग पुढचे मागे टाकून बघा, आवाजही मागे गेला तर तुमचा गॅरेजवाला बरोबर. वळणाची खूण दर वेळी खरी ठरतेच असं नाही, पक्कं जॅकवरच कळतं. ते केल्याशिवाय मात्र कोकणात निघू नका, गेलेलं बेअरिंग तापून जाम होऊ शकतं. आणि नवीन बेअरिंग प्रेसवरच, म्हणजे दाबून बसवणाऱ्या मशीनवर, बसवून घ्या. हातोड्याने ठोकलेलं लवकरच परत वाजायला लागतं.