पाइनच्या सावलीतला एक दिवस

प्रश्न : जुलैत ग्रीसच्या स्कियाथोस बेटावर मुक्काम आहे. कुकुनारिएस किनाऱ्यावर एक दिवस जायचं आहे. सोबत सत्तरीचे सासू-सासरे. कसं आखावं? (वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : किनारा गावापासून साधारण १२ किलोमीटरवर. बंदरावरून बस सुटते, थांब्यांना क्रमांक आहेत. २६ हा शेवटचा. बस बंदरावरच पकडा, मधल्या थांब्यांवर बहुधा उभंच राहावं लागतं. परतताना २६ वरूनच चढाल, म्हणजे जागा मिळेल. पण साडेचारलाच निघा, नंतर झुंबड उडते.

सावलीचं गणित आधी समजून घ्या. किनारा दक्षिणाभिमुख, झाडं मागे उत्तरेला. भर दुपारी सावली पाण्याकडे न पडता आत रानात पडते. त्यामुळे झाडांसमोरच्या वाळूत चादर टाकलीत तर बाराला उन्हात याल. थेट फांद्यांखालीच बसा. फांद्यांतून चिकट राळ गळते, कपड्यांवरून सहज निघत नाही. म्हणून जुनी चादर न्या. वाळू चटके देते, ज्येष्ठांच्या पायांत मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यातच.

कोकणासारखी भरती इथे नसते, सामान सारखं हलवावं लागत नाही. जुलैतला मेल्तेमी वारा उत्तरेचा, त्यामुळे हा किनारा बराच आडोशाला राहतो.

माणशी दोन लिटर पाणी आणि दशम्या-चटणी पुरे. काडी मात्र अजिबात पेटवू नका, सिगारेटसुद्धा नाही. उन्हाळ्यात हे रान कोरडंठाक असतं. मागे स्ट्रोफिलिया सरोवर आहे. सासू-सासऱ्यांना तिथे सकाळीच, ऊन चढायच्या आत फिरवून आणा.