'पहाडी पलटण' चालेल का?

अंबाजोगाईच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न: मुलाच्या कारगिलवरच्या भाषणात 'माउंटन ब्रिगेड'ला 'पहाडी पलटण' म्हटलं तर चालेल का?

कानाला झकास लागतं, पण नाही चालणार. दोन्ही शब्द घसरतात.

आधी पलटण. फौजेत पलटण म्हणजे बटालियन, साधारण आठशे माणसं. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन आजही 'जंगी पलटण' म्हणूनच ओळखली जाते. अशा साधारण तीन पलटणी आणि जोडीला तोफखाना, इंजिनियर, सिग्नलवाले मिळून ब्रिगेड उभी राहते, तिच्यावर ब्रिगेडियर. आमच्या गल्लीतले निवृत्त हवालदार मामा सांगतात, "पलटण म्हंजे आपलं घर. ब्रिगेड म्हंजे वाडा, तिथं भाडेकरू बदलत राहतात." खरंच तसं आहे. कारगिल युद्धात मे 1999 मध्ये तोलोलिंग शिखराला भिडलेली 18 ग्रेनेडियर्स ही पलटण जुलैत टायगर हिल चढली, तेव्हा ती दुसऱ्या, म्हणजे 192 माउंटन ब्रिगेडखाली होती.

गंमत म्हणजे 'पलटण' ऐकायला प्लॅटूनसारखा, पण प्लॅटूनमध्ये जवान तीस-पस्तीसच. म्हणून हा शब्द मुळात 'बटालियन'चाच अपभ्रंश असावा, प्लॅटूननं त्यात नुसता गोंधळ घातला, असंही मानतात. मला ते पटतं. आपल्याकडं मात्र चार लेकरं घेऊन पाहुणे आले तरी पलटणच येते.

मग ब्रिगेडला मराठीत शब्दच नव्हता का? होता की: कंपू! मूळ पोर्तुगीज 'कांपो', म्हणजे छावणी. महादजी शिंद्यांसाठी द बॉय (de Boigne) या युरोपियन सेनानीनं कवायती पायदळ उभारलं, त्याच्या ब्रिगेडींना कंपू म्हणत. 23 सप्टेंबर 1803 ला आपल्याच जालना जिल्ह्यातल्या असईला इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर उभा राहिला तो शिंद्यांच्या पोलमन या अधिकाऱ्याचा असाच एक कंपू. सोबत सरधान्याच्या बेगम समरूच्या पलटणीही होत्या. पण आज 'त्यांचा कंपू वेगळा' म्हटलं की डोळ्यासमोर पतसंस्थेची निवडणूक येते. शब्द कितीही आवडला तरी भाषणात घालू नका, पोरं हसतील.

आता 'पहाडी'. पहाडी म्हटलं की पहाडातला माणूस असा अर्थ लागतो. 'पहाडी पलटण' वाचून कुणालाही गढवाली किंवा कुमाऊँनी जवान आठवतील. माउंटन ब्रिगेडमधल्या पलटणी कुठल्याही मुलखाच्या असू शकतात, मराठेसुद्धा. 'माउंटन' हे जवानांचं गाव सांगत नाही, ब्रिगेडची बांधणी सांगतं. 1962 च्या चीन युद्धानंतर लष्करानं माउंटन डिव्हिजन उभ्या केल्या, त्यात या ब्रिगेडी. गाड्या कमी, तोफा हलक्या, आणि रस्ता संपला की ओझं खेचरांच्या किंवा हमालांच्या पाठीवर. 'पर्वतीय ब्रिगेड' हा शब्द बरोबर आहे, जरा सरकारी वाटतो इतकंच. 'डोंगरी' नको. डोंगर आपल्या बालाघाटाला शोभतो, कारगिलकडच्या द्रासला नाही.

मी सरळ 'माउंटन ब्रिगेड' ठेवीन आणि पलटण तिच्या जागी वापरीन. असं: "13 जून 1999 रोजी 56 माउंटन ब्रिगेडच्या 2 राजपुताना रायफल्स या पलटणीनं तोलोलिंग जिंकलं."