माहिती अधिकाराचा उपक्रम: अर्जासोबत अपीलही शिकवा

मॅडम, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. नववीच्या मुलांनी शाळेसमोरच्या पथदिव्यांबद्दल माहिती अधिकारात अर्ज टाकला, तो 'आमच्याशी संबंधित नाही' म्हणून परत आला आणि आता मुलं विचारताहेत, मग पुस्तकातलं सगळं खोटं का? आमच्या वर्गात हेच घडलं होतं.

150 शब्दांची मर्यादा, एका अर्जात एकच विषय, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प हे तुम्हाला ठाऊक असणारच.

आमच्या मुलांनी शाळेलगतच्या नालेसफाईचा खर्च विचारला होता. कार्यालयाचं नाव घेत नाही. महिना उलटत आला तेव्हा मूळ अर्जच टपालाने परत आला. कोपऱ्यात लाल शाईचा शेरा: 'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही.' मग कोणाशी आहे, त्याचा उल्लेख नाही. 2005 च्या अधिनियमातलं कलम 6(3) स्पष्ट आहे. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज कार्यालयानेच 5 दिवसांच्या आत तिकडे वर्ग करायचा आणि अर्जदाराला तसं कळवायचं. हे त्या टेबलावर कोणालाच माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. तोवर सहामाही आली, विषय मागे पडला. वर्गातली सगळ्यांत हिरिरीची मुलगी म्हणाली, "ओळख लागते सर, बाबा म्हणतात तेच खरं." त्या शेऱ्याचा राग मला आजही येतो.

म्हणून माझं ठाम मत: अपील, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद मागणं, हाच खरा धडा. काही सहकारी म्हणतात, मुलांना कटकटीत ओढू नका. मला ते पटत नाही. अर्ज जूनमध्येच टाका. उत्तराचे 30 दिवस आणि अपिलाच्या निकालाचे 30 ते 45 दिवस धरले, तर दिवाळीच्या सुट्टीआधी हाती काहीतरी येतं.

प्रश्नही बदला. 'दिवे का लागत नाहीत?' याला उत्तर मिळणार नाही, कारण दप्तरी असलेलीच माहिती देतात. देखभालीच्या कंत्राटाची आणि देयकांची प्रत मागा.

कायद्यात वयाची अट नाही, तरी अर्ज तुमच्या नावाने करा. मुलांचे पत्ते सरकारी कागदावर कशाला? मी वकील नाही, नियम एकदा तपासून घ्या.

अर्ज परत आल्यापासून 30 दिवस झाले नसतील तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. शेरा मारलेल्या अर्जाची प्रत जोडा, आणि अपिलाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.