पगार वाढला तरी महिनाअखेरीस काहीच उरत नाही. माझी इच्छाशक्तीच कमी पडते का?

तुम्ही लिहिलंय की ‘उरलं की बाजूला टाकू’ असं दर महिन्याला ठरवता आणि खातं रिकामं होतं. नोकरीची पहिली सहा वर्षं मीही हेच केलं, म्हणून कळकळीनं सांगतो, आधी स्वतःला दोष देणं थांबवा.

डेलाविग्ना आणि माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या ३ जिमच्या नोंदी तपासल्या, २००६ साली ते छापून आलं. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच फिरकत होते. एक फेरी १७ डॉलरच्या वर पडली. १० फेऱ्यांचा पास घेतला असता तर तीच १० डॉलरला पडती. आळस यात आहेच, पण माझ्या मते घात करतो तो अतिआत्मविश्वास. उद्याचा मी आजच्यापेक्षा शिस्तीचा असेन, असं आपल्याला मनापासून वाटतं.

रिचर्ड थेलर (२०१७चं अर्थशास्त्राचं नोबेल) आणि बेनार्त्झी यांनी याच भाबड्या भरवशाचा उपयोग करून घेतला. आजच्या पगाराला हात लावायचा नाही. पुढची पगारवाढ झाली की त्यातला हिस्सा आपोआप बचतीत जाईल, एवढी संमती आज द्यायची. पहिल्या कंपनीत ही योजना घेतलेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. आणि बाहेर पडायची मुभा सगळ्यांना होती!

शेजाऱ्यांची नवी गाडी पाहून आपलाही हात सैल सुटतो असं लिहिलंत, तेही खरंच आहे. नेदरलँड्समध्ये पोस्टकोड लॉटरी (जिचं बक्षीस पोस्टकोडनुसार, म्हणजे पिनकोडसारख्या क्रमांकावर निघतं) जिंकणाऱ्यांच्या अगदी शेजारच्या, तिकीट न घेतलेल्या घरांतही गाड्यांची खरेदी वाढलेली दिसली. पण हीच चारचौघांची नजर कामालाही येते. माझ्या आईचे पैसे बचत खात्यात टिकत नसत, भिशीचा हप्ता मात्र तिनं कधी चुकवला नाही. अकरा जणींपुढे मान खाली घालायची तिची तयारी नव्हती.

पगार १ तारखेला होत असेल तर आरडी (बँकेतली दरमहाची ठेव) किंवा एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता) यांची तारीख २ ठेवा. एसआयपीचा हप्ता दरवर्षी आपोआप वाढवायची सोय असते, तीही आजच निवडून टाका. रक्कम लहान असली तरी चालेल. फक्त क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा, कारण तिच्या व्याजापुढे आरडीचं व्याज कुठेच पुरं पडत नाही.