पाच फूट तीनच्या पोरीला

प्रिय पोरी,

तुझा मेसेज एवढाच: "मॅडम, पाच फूट तीनवर होते का?" म्हणजे एवढ्या उंचीवर व्हॉलीबॉलच्या जागतिक स्पर्धेपर्यंत जाता येतं का. आणि खाली सुराबायाच्या फायनलची क्लिप. क्लिपमध्ये स्मॅशच स्मॅश. बनवणाऱ्यानं बाकी सगळं कापलं, म्हणून तुला तेवढंच दिसलं. 2025 च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियात झालेल्या त्या 21 वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेत 24 संघ होते. इटलीनं जपानला हरवून ती जिंकली. तू मात्र हरलेल्या जपानचे सामने पूर्ण बघ, आवाज बंद करून. चेंडूमागं नजर पळवू नको. सर्व्हिस सुटायच्या आधी रिसीव्हला, म्हणजे ती सर्व्हिस उचलायला उभ्या पोरी पाय कसे हलवतात, तेवढंच बघ.

आता तुझा प्रश्न. गोड बोलून उपयोग नाही. मुलींचं नेट 2.24 मीटर. तू हात वर करून उभी राहिलीस तरी बोटं जवळपास वीतभर खाली राहतात. उडी तुझी चांगली आहे, तालुक्याला त्या उडीवर गुण मिळाले, जिल्ह्यालाही मिळतील. पुढे समोर सहा फुटी पोरींचा ब्लॉक, म्हणजे नेटवर अडवणारे हात, येतो आणि तिथं नुसती उडी पुरत नाही. स्मॅश मारणारी म्हणून त्या पातळीवर जाशील असं मला वाटत नाही. लिफ्टर (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी) किंवा लिबेरो (मागं राहून चेंडू वाचवणारी) म्हणून विचारशील तर वाट आहे. अरुंद आहे, पण आहे.

लिबेरोचा नियम 1998 च्या सुमारास आला. वेगळ्या रंगाची जर्सी घालते ती. आंतरराष्ट्रीय नियमात तिला सर्व्हिस नाही, ब्लॉक नाही, नेटच्या वर असलेला चेंडू मारता येत नाही. म्हणजे उंचीची कामं नियमानंच तिच्याकडून काढून घेतली. उरलं काय, तर पहिला चेंडू. आणि पहिला चेंडू बिघडला की सहा फुटी स्मॅशर नेटवर नुसती उभी राहते.

तुझा पहिला चेंडू का बिघडतो, ते मी तालुक्याच्या सामन्यात बघितलं. तू हात जोडून थांबतेस, चेंडू आला की कोपरातून वर झटकतेस. समोरची सर्व्हिस साधी असेल तर चालून जातं. पण आता बहुतेक पोरी फ्लोट टाकतात. त्यात चेंडू फिरत नाही, आणि न फिरणारा चेंडू हवेत सरळ राहत नाही. ऐनवेळी डावी-उजवीकडे सरकतो नाहीतर पुढ्यात पडतो. झटक्यात हलणारे हात त्याला पकडू शकत नाहीत. म्हणून पाय आधी न्यायचे. चेंडू समोरच्या पोरीच्या हातातून सुटला की पहिलं पाऊल पडलंच पाहिजे. मग कोपरं ताठ, दोन्ही अंगठे शेजारी शेजारी, चेंडू मनगटाच्या वर पडेल असा, आणि ताकद गुडघ्यातून. हात फक्त दिशा देतात. चेंडू पोचवायचा तो नेटजवळ, मधल्या आणि उजव्या पोरीच्या मध्ये, लिफ्टरच्या कपाळावर. तिला एक पाऊल हलावं लागलं तर ठीक. तीन पावलं पळावं लागलं तर तो रिसीव्ह वाया गेला असं समज.

गावातली पोरं संध्याकाळी शूटिंग व्हॉलीबॉल खेळतात, त्यांच्यात खेळायला माझी ना नाही, नजर तयार होते. पण हाताची सवय तिथली वेगळी. सकाळचा सराव त्यात मिसळू नको.

आणि चेंडू तपास आधी. तुमच्या शाळेचा चेंडू शिवणीत उसवलाय, दवात पडून भिजतो. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेव: 260 ते 280 ग्रॅम भरला पाहिजे. जड चेंडूवर सराव केला की हलका चेंडू हातावरून उडून जातो. नेटची उंचीही मध्यभागी मोजायची, बांबूजवळ नाही. तुमचं नेट मधे झोळीसारखं लोंबतं आणि तुम्हाला वाटतं आपण खूप उंच मारतो.

आपल्या जमिनीवर पडायची भीती वाटते, ते खरं. उन्हाळ्यात काळी माती दगड होते, भेगा पडतात, त्यात पाय मुरगळतो. म्हणून लोळण आधी घरी गोधडीवर शीक. चेंडूकडे झेप, खांद्यावरून लोळण, लगेच उभी. हे तंत्र जगाला जपानच्या ज्या पोरींनी दाखवलं, त्यातल्या बहुतेक सूतगिरणीतल्या होत्या. निचिबो कंपनीचा कैझुकाचा संघ. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदाच आलं आणि शेवटच्या निर्णायक सामन्यात त्यांनी सोव्हिएत संघाला 3–0 हरवलं. दिवसभर कंपनीचं काम आणि नंतर रात्री उशिरापर्यंत सराव. बडनेरा, पुलगाव, हिंगणघाटच्या गिरण्या ऐकून-बघून मोठं झालेल्या आपल्यासारख्यांना ते जवळचं वाटतं. पण त्यांचे कोच दाइमात्सु पोरींना ज्या पद्धतीनं राबवायचे, ती मला पटत नाही. कुणी सर "असंच घडतात खेळाडू" म्हणत हात उगारला, किंवा रात्री-अपरात्री एकटीला बोलावलं, तर घरी सांग आणि मला फोन कर. शिबिराला जाताना सोबत कोणत्या बाई आहेत ते आईनं विचारायचंच. त्यात लाजायचं काय?

वाट कशी आहे तेही नीट समजून घे. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. दुसरी वाट व्हॉलीबॉल संघटनेची, जिल्ह्याच्या निवड चाचणीतून राज्याच्या संघात. भारताच्या शिबिराचं बोलावणं राष्ट्रीय पातळीवर दिसल्याशिवाय येत नाही. भारताच्या संघात आलीस तरी जागतिक स्पर्धेआधी आशियाई स्पर्धा असते, आणि तिथं चीन, जपान, कोरिया, थायलंड बसलेले आहेत. मोठ्या बायांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अनेक वर्षं केरळ आणि रेल्वे यांचीच झुंज दिसते. रेल्वेचं नाव लक्षात ठेव, तिथं खेळावर नोकरी लागते. राज्य सरकारच्या नोकरीतही खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं ते ठरलेलं असतं आणि पडताळणी कडक होते. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय मैदान सोडू नको. बारावी मात्र सोडायची नाही, त्यावर चर्चाच नको.

तुझी खरी अडचण उंचीपेक्षा जन्मतारखेची आहे. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर एक तारीख, शाळेत गुरुजींनी लिहिलेली जूनमधली दुसरी. आपल्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस जूनमध्येच असतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण या स्पर्धा जन्मसालावर चालतात. सुराबायाला 1 जानेवारी 2005 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच प्रवेश होता. दोन कागदांवर दोन साल दिसले की तुझ्यावर वयचोरीचा शिक्का, मग खेळ कितीही चांगला असो. कुणी "एक साल कमी करून घेऊ" म्हणालं तर साफ नाही म्हण. खरी तारीख आहे तीच सगळीकडे करून घे, आधारवरही, आणि मग पासपोर्टचं बघू.

कपाशीची वेचणी सुरू झाली की सकाळी तुला मैदानावर यायला जमत नाही, हे मला माहीत आहे. आईचा रोज बुडवून ये असं मी सांगणार नाही. त्या दिवसांत शाळेच्या भिंतीवर रिसीव्ह कर, एकटीनं होतं ते. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खिडकीबाहेर फेकता तुम्ही, मी बघितलंय. जेवणानंतर घे. डबा नुसत्या भाकर-चटणीचा नको, त्यात मूठभर चणे टाक, वरण असू दे. "पोरीले इतक्या सकाळी कायले धाडता?" असं म्हणणाऱ्या शेजारणीला उत्तर द्यायचं काम तुझं नाही, ते मी तुझ्या बाबांशी बोलले आहे.

ग्रामपंचायतीत सोमवारी जा, सचिव त्या दिवशी सापडतात. शाळेतली तारीख बदलायला मुख्याध्यापकांना अर्ज लागेल, तो मी लिहून देते. दाखल्याचा फोटो तेवढा पाठव, दोन्ही बाजूंचा.

तुझी,
मॅडम