एअर पिस्तूल खेळून झाल्यावर पहिली यूएसपीएसए मॅच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कॉलेजात असताना १० मीटर एअर पिस्तूल खेळलात, आता एच-१बीवर टेक्सासात आहात, ऑफिसातला सहकारी यूएसपीएसएच्या (घड्याळ लावून, धावत-पळत पिस्तुलाने टार्गेटं मारायच्या खेळाची अमेरिकेतली संघटना) मॅचला चला म्हणतोय आणि पिस्तूलही तोच देणार आहे. जावं का, जुन्या खेळाचा काही उपयोग होईल का, आणि शेवटून पहिला नंबर येऊन हसं होईल का? मी डॅलसच्या आसपासच्या क्लबांत हा खेळ खेळते, अधूनमधून रेंज ऑफिसर (खेळाडूवर नजर ठेवणारा पंच, थोडक्यात आरओ) म्हणूनही उभी राहते. उत्तर जरा लांबणार आहे.

आधी व्हिसाचं बघा, कारण तिथे अडलं तर बाकी सगळं वाचून उपयोग नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा इथे फेडरल गुन्हा आहे. मित्राने रेंजवर तासाभरासाठी हातात दिलेलं पिस्तूलही 'बाळगणं' यातच धरतात, रेंजवर भाड्याने घेतलेलंही. एच-१बी, एल-१, एफ-१ सगळे या नियमाखाली येतात. ग्रीन कार्ड असेल तर ही अट नाही. अपवाद मोजके आहेत आणि त्यातला आपल्या लोकांच्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, चालू असलेला शिकारीचा परवाना. हरणाच्या वाटेला जायचं नसलं तरी परवाना हवा. आणि टेक्सासचा नेहमीचा परवाना तुम्ही कधीही घेतलात तरी ३१ ऑगस्टला संपतो. सप्टेंबरातल्या मॅचला जुना परवाना खिशात घेऊन गेलात तर अपवाद संपलेला असतो. तुमच्या सहकाऱ्याला यातलं काही माहीत असेल असं धरून चालू नका, जन्माने अमेरिकन माणसाला हा कायदा कधी लागतच नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा, तुमच्या जागी मी असते तर ती फी आनंदाने भरली असती.

हे जमलं की जाच.

आता खेळ. १९७६ साली मिझुरीतल्या कोलंबिया गावी आयपीएससी ही संघटना स्थापन झाली, जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. यूएसपीएसए तिची अमेरिकेतली शाखा म्हणून सुरू झाली. अचूकपणा, ताकद आणि वेग या तिन्हींचा मेळ घालायचा, ही तेव्हापासूनची कल्पना. तुम्हाला ६० शॉट्सना ७५ मिनिटं मिळत होती. इथे एका स्टेजवर (टार्गेटं आणि भिंती मांडलेला मॅचचा एक टप्पा) जास्तीत जास्त ३२ गोळ्यांचं काम असतं आणि बरे खेळाडू ते वीस-पंचवीस सेकंदांत उरकतात. भारतात याच्या जवळचं काही पाहिलं असेल तर राही सरनोबत खेळते त्या २५ मीटरमधला रॅपिडचा भाग: हात ४५ अंशांवर, टार्गेट तीन सेकंद दिसणार, तेवढ्यात एक शॉट. त्यात धावणं, भिंतीआडून वाकणं, गोळ्यांचं मॅगझिन बदलणं आणि टार्गेटं कुठल्या क्रमाने घ्यायची ते स्वतः ठरवणं मिळवा.

गुण कसे मिळतात हे नीट समजून घ्या, कारण नवा माणूस नेमका इथेच फसतो. तपकिरी पुठ्ठ्याच्या टार्गेटवर ए, सी आणि डी असे भाग असतात. तुम्ही साधं ९ मिमी वापरणार, म्हणजे 'मायनर' (कमी ताकदीच्या गोळ्यांचा गट): ए ला ५, सी ला ३, डी ला १. प्रत्येक पुठ्ठ्यावर सहसा दोन गोळ्या, लोखंडी पॉपर (गोळी लागली की पडणारं टार्गेट) पडला की ५. चुकलेल्या प्रत्येक गोळीला वजा १०, पांढऱ्या नो-शूट (मारायचं नाही अशा) टार्गेटला लागली तरी वजा १०. बेरजेला सेकंदांनी भागलं की येतो हिट फॅक्टर.

समजा बारा पुठ्ठे आहेत, २४ गोळ्या, १२० गुण. तुम्ही शांतपणे ३० सेकंद घेतले आणि सगळे ए मारले: १२० भागिले ३०, म्हणजे ४. तुमच्याच स्क्वॉडमधला (एकत्र खेळणाऱ्या गटातला) एक उत्साही नवखा २० सेकंदांत संपवतो, पण १४ ए, ६ सी, २ डी आणि २ चुकलेल्या. ७० अधिक १८ अधिक २, वजा २०, म्हणजे ७०, आणि २० ने भागल्यावर ३.५. दहा सेकंद आधी पोचूनही तो मागे. क्लबातला मुरलेला खेळाडू तेच १४ सेकंदांत ११२ गुणांनी करतो आणि ८ घेऊन जातो, तो भाग वेगळा. म्हणजे तुम्हाला त्या स्टेजचे निम्मे गुण मिळाले. पहिल्या मॅचला हे उत्तम आहे.

यातून एक हिशेब निघतो. चुकलेली गोळी म्हणजे वजा १० आणि न मिळालेले ५, असा १५ गुणांचा फटका. तुमच्या ४ च्या हिट फॅक्टरला १५ गुण म्हणजे पावणेचार सेकंद. आणि जादा गोळी मारायला बंदी नसते (बहुतेक स्टेजवर तरी), पुठ्ठ्यावरच्या सर्वांत चांगल्या दोन धरतात. तेव्हा शॉट सुटतानाच साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) हललेली दिसली तर पुन्हा मारा, अर्ध्या-पाऊण सेकंदाचं काम आहे. इथेच तुमचं एअर पिस्तूल कामी येतं. टार्गेटकडे न बघता, शॉट सुटला त्या क्षणी साइट कुठे होती यावरून तो कुठे गेला ते सांगणं तुमच्या कोचने तुमच्याकडून घोटून घेतलं असेल. वर्षानुवर्षं खेळणाऱ्या कित्येकांना इथे ते जमत नाही. गोळी मारायची आणि मान उंचावून भोक शोधायचं, हेच चालू असतं.

बाकी ट्रिगरची जाण उपयोगी पडेल, पण तुमचा ट्रिगर ५०० ग्रॅमचा होता आणि मित्राचं पिस्तूल साधं ग्लॉक असेल तर दोन-अडीच किलो धरा. दोन्ही हातांनी घट्ट पकड, दोन्ही डोळे उघडे. सोडायची सवय एकच आहे, आणि ती जड जाते: होल्ड (नेमावर धरलेला हात) बिघडला की हात खाली घेऊन पुन्हा सुरुवात करण्याची. तुमचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं होतं. इथला ए भाग साधारण १५ बाय २८ सेंटिमीटर आहे आणि पुष्कळ टार्गेटं तुमच्यापासून पाच-सात मीटरवर असतात. साइट त्या पट्ट्यात डुलत असली तरी चालतं, मारून पुढे व्हायचं. जवळच्या टार्गेटवर परिपूर्ण चित्राची वाट बघणारा एअर पिस्तूलवाला मला लांबून ओळखू येतो.

आता सुरक्षितता. माझ्या मते पहिल्या मॅचचं उद्दिष्ट एकच असावं: डीक्यू न होता घरी जायचं. डीक्यू म्हणजे डिसक्वालिफाय, त्या दिवसापुरता खेळ संपला, रेंज ऑफिसरशी हुज्जत घालून काही होत नाही.

पहिला फरक रेंजवर पोचताच लागतो. आपल्याकडे आपापल्या लेनवर जाऊन पेटी उघडायची पद्धत. इथे रेंज 'कोल्ड' असते, म्हणजे आरओने सांगितल्याशिवाय कुणाचंही पिस्तूल भरलेलं नसतं आणि हातातही नसतं. पेटीतून काढून होल्स्टरमध्ये घालायचं ते फक्त 'सेफ एरिया' अशी पाटी लावलेल्या टेबलापाशी. तिथे पिस्तूल हाताळा, पण गोळीला हात लावायचा नाही, सरावाच्या खोट्या गोळीलाही नाही. गाडीच्या डिकीशी उभं राहून 'बघू तरी नीट बसतंय का' म्हणून होल्स्टरमधून पिस्तूल काढलं की मॅच सुरू व्हायच्या आधीच डीक्यू. आणि चालताना पिस्तूल जमिनीवर पडलं तर उचलू नका. लाज वाटून पटकन उचलणं हीच माणसाची पहिली प्रतिक्रिया असते, पण आरओला हाक मारा, तो उचलेल. रिकामं पिस्तूल पडल्याबद्दल घरी पाठवत नाहीत, उचलल्याबद्दल पाठवतात. खेळताना पडलं तर मात्र संपलंच.

दुसरी गोष्ट १८० अंशांची. तुमच्या दोन्ही खांद्यांच्या बाजूंनी, टार्गेटांमागच्या मातीच्या बांधाला समांतर अशी एक रेघ कल्पा. नळी त्या रेघेच्या मागे कधीही जाता कामा नये. उभं राहून मारताना हे सोपं वाटतं. उजव्या हाताचा माणूस उजवीकडून डावीकडे धावत असताना मॅगझिन बदलतो तेव्हा घात होतो: शरीर डावीकडे वळलेलं, आणि रीलोडसाठी पिस्तूल जवळ घेतलं की नळी आपोआप आणखी डावीकडे, म्हणजे मागे उभ्या असलेल्या लोकांकडे झुकते. मी पाहिलेल्या नवख्यांच्या डीक्यूंत हा प्रकार पहिल्या क्रमांकावर. उपाय म्हणजे पाय पळू देत, पण नळी बांधाकडेच. नाहीतर सरळ थांबून मॅगझिन बदला. दोन सेकंद गेले तर गेले.

तिसरी गोष्ट बोटाची. धावताना, मॅगझिन बदलताना, अडकलेली गोळी काढताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, फ्रेमवर चिकटलेलं दिसलं पाहिजे. आरओ टार्गेटांकडे कमी आणि तुमच्या पिस्तुलाकडे आणि बोटाकडे जास्त बघत असतो. आणि एखादा बार नेहमीपेक्षा फुसका वाजला तर थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, तिच्यामागे दुसरी मारली तर पिस्तूल फुटेल.

हे सगळं घरी सरावता येतं. पिस्तूल रिकामं, गोळ्या दुसऱ्या खोलीत, एक भिंत 'बांध' म्हणून ठरवायची आणि हॉलमध्ये इकडून तिकडे चालत ड्रॉ (होल्स्टरमधून पिस्तूल काढणं) आणि रीलोड करायचे. (तुमच्या बाबतीत हेही परवाना हातात आल्यावरच.) घरच्यांना व्हिडिओ कॉल चालू नाही ना, तेवढं बघा. माझ्या आईला मी अजून 'नेमबाजी' एवढंच सांगते, तिच्या डोळ्यापुढे ऑलिंपिकचा काळा चष्मा येतो आणि ती खूश असते.

प्रत्यक्ष पाळी आल्यावर आरओ ठरलेली वाक्यं म्हणतो. 'मेक रेडी' म्हणजे आता भरा. इथे घाई करू नका, एक-दोनदा साइट बघा, श्वास घ्या, मग मॅगझिन लावा. 'आर यू रेडी?' याला गप्प राहिलात तर तयार असं धरतात, नसाल तर 'नॉट रेडी' म्हणा. 'स्टँडबाय' नंतर एक ते चार सेकंदांत बीप. शेवटी 'इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर', मग 'इफ क्लिअर, हॅमर डाऊन, होल्स्टर', म्हणजे रिकामं असेल तर ट्रिगर एकदा दाबून पिस्तूल होल्स्टरमध्ये. पहिल्या बीपला डोकं कोरं होतं, सगळ्यांचंच. म्हणून स्टेज आधी चालून बघण्याच्या पाच मिनिटांच्या वॉकथ्रूमध्ये फार हुशार प्लॅन करू नका. कुठे उभं राहून कुठली टार्गेटं घ्यायची आणि मॅगझिन कुठे बदलायची, एवढंच ठरवा आणि डोळे मिटून दोनदा म्हणून बघा. एखादा मास्टर ग्रेडवाला 'इथून पळता पळता ती दोन घे' म्हणाला तर हसून मान डोलवा आणि उभं राहूनच घ्या.

सामान फार लागत नाही. ट्रिगर पूर्ण झाकणारं, कमरेच्या उजव्या बाजूचं कडक होल्स्टर (डावरे असाल तर डावीकडचं), जाड पट्टा, चार-पाच मॅगझिन आणि त्यांचे पाऊच, चष्मा, कानाचं संरक्षण, दोनशे गोळ्या. खांद्याला अडकवायचं होल्स्टर चालत नाही. डिव्हिजन, म्हणजे तुमचा गट, पिस्तुलावरून ठरते, रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) असेल तर बहुधा कॅरी ऑप्टिक्स, ते मित्र सांगेलच. नाव नोंदवायचं प्रॅक्टिस्कोअर या वेबसाइटवर, आणि तिथे 'पहिलीच मॅच' असं लिहायला लाजू नका. काही क्लब नव्यांना आधी सेफ्टीचा वर्ग करायला लावतात, तोही तिथेच कळतो.

हसण्याचं म्हणाल तर कोण हसणार? दहा-बारा जणांच्या स्क्वॉडमध्ये तुम्ही दिवसभरात सगळे मिळून दोन-तीन मिनिटं खेळता, बाकीचे तास इतरांच्या टार्गेटांच्या भोकांवर चिकटपट्ट्या लावता आणि पडलेले पॉपर उभे करता. लोक तुमची किंमत त्यावरच करतात. हळू खेळणारा कुणाच्या लक्षात राहत नाही, पण खुर्चीत बसून राहिलेला सगळ्यांच्या राहतो. आपण तिथे वेगळे दिसतो का? दिसतो. माझ्या स्क्वॉडमध्ये पुष्कळदा मी एकटीच देशी आणि एकटीच बाई असते. टोप्यांवरच्या राजकीय घोषणा वाचून सुरुवातीला मीही बिचकत होते. पण चिकटपट्टीचा रोल हातात घेतला की विषय ग्रिप, स्प्रिंगा आणि गोळ्यांच्या किमतीवर येतो. एखादा आगाऊ भेटतो, तसा तो क्रिकेटच्या लीगमध्येही भेटतो. मॅगझिन विसरलात तर स्वतःची काढून देणारे मात्र इथे जास्त.

टेक्सासात मे ते सप्टेंबर पाणी तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट न्या, मीठ-साखर घातलेलं असेल तर उत्तम. डबा नेणार असाल तर काट्या-चमच्याने खाता येईल असं काही न्या, पोळी-भाजी नको. हातांवर शिशाची पूड असते, ती आधी गार पाण्याने आणि साबणाने धुवायची. घरात लहान मूल असेल तर बूट दाराबाहेर आणि कपडे वेगळे धुवायला टाका. निकाल संध्याकाळी प्रॅक्टिस्कोअरवर येतो. त्यात क्रमांकाच्या आधी 'माइक्स' हा रकाना उघडा, चुकलेल्या गोळ्या तिथे असतात. आकडे इथे टाकलेत तर पुढच्या मॅचसाठी काय सरावायचं ते सांगेन.